पर्समधला चष्मा

बाईंना नवऱ्याचा मत्सर वाटायला लागला तेव्हा त्या बासष्ट वर्षांच्या होत्या. त्याआधी तसं कारणच पडलं नव्हतं. एकतीस वर्षं त्या शाळेत भूगोल शिकवत होत्या, दर रविवारी चर्चमध्ये मुलांचा वर्ग घेत होत्या. बाजारात निघाल्या की दोन्ही बाजूंनी "बाई, नमस्कार" व्हायचं. त्यांचे यजमान, मिस्त्री, मागून पिशवी घेऊन चालायचे. ते नळाचं काम करायचे आणि चोख करायचे, पण त्यांची ओळख 'बाईंचे मिस्टर' एवढीच होती. त्याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही.

बाई निवृत्त झाल्यावर चर्चच्या मंडळीने दोघांना परदेशी सेवेसाठी पाठवायचं ठरवलं, दोन वर्षांकरता. खरं तर बाईंना पाठवायचं ठरवलं. मिशनच्या फॉर्मवर बाईंच्या कामाच्या रकान्यात 'शिक्षण व वचनसेवा' असं होतं. मिस्त्रींच्या रकान्यात काय लिहावं हे कारकुनाला सुचेना. शेवटी त्याने 'सोबत' असं लिहिलं.

"अहो, तुमचं काम सोपं आहे," बाई हसत म्हणाल्या होत्या. "नुसतं माझ्यासोबत यायचं."

"ते पस्तीस वर्षं करतोच आहे की," मिस्त्री म्हणाले.

तिकडची भाषा बाईंनी निघायच्या आधी दोन वर्षं घोटून घोटून शिकली. शिकवणारे एक वृद्ध धर्मोपदेशक होते. तरुणपणी ते त्या देशात राहून आले होते. त्यांच्याकडे पुस्तक एकच, त्या भाषेतलं शास्त्राचं जुनंपुराणं भाषांतर. ते त्यांच्याही जन्माच्या आधीचं होतं. बाईंनी ते पानोपानी पाठ केलं. क्रियापदं, उच्चार, सगळं बिनचूक.

तिथे पोचल्यावर दुसऱ्या दिवशी त्या पावाच्या दुकानात गेल्या आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "हे भल्या मनुष्या, मजला दोन पाव देण्याची कृपा कर, म्हणजे तुझ्या घराण्याचे कल्याण होईल."

दुकानदाराने डोक्यावरची टोपी काढली. रांगेतल्या दोघींनी माना खाली घातल्या. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं बाईंना पुढे कित्येकदा वाटलं. पाव मिळाले, पण त्या बाहेर पडेपर्यंत दुकानात कोणी बोललं नाही. त्या जिथे तोंड उघडत तिथे असंच व्हायचं. बसमध्ये, दवाखान्यात, जिन्यावर. माणसं गंभीर व्हायची, ऐकून घ्यायची, हळूहळू उत्तर द्यायची आणि निघून जायची. प्रार्थनेशी कोणी गप्पा मारत नाही.

मिस्त्रींना सहा शब्द यायचे. पाणी, चालू, बंद, उद्या, ठीक आणि नाही.

त्यांची जागा चर्चच्या हॉलच्या वर होती. दोन खोल्या, एक लोखंडी पलंग, खिडकीतून समोर न्हाव्याचं दुकान. थंडी कडाक्याची. हॉल गरम ठेवणारा पाइप उपासना चालू असताना ठक् ठक् वाजायचा. वाजून वाजून लोकांना त्याची सवय झाली होती. दुसऱ्याच रविवारी चर्चच्या पाळकाचं प्रवचन रंगात आलं असताना मिस्त्री उठले, वर जाऊन पाना घेऊन आले, पाइपपाशी गुडघ्यावर बसले आणि पाच मिनिटांत आवाज बंद केला. पाळक बोलायचा थांबला. मिस्त्रींनी मान वर करून सांगितलं, "ठीक."

त्या दिवशी सगळ्या मंडळीने त्यांच्याशी हात मिळवला. काहींनी बाईंशीही मिळवला, वाटेत उभ्या होत्या म्हणून.

मग चिठ्ठ्या सुरू झाल्या. मिस्त्रींना वाचता येणार नाही म्हणून लोक चित्रं काढायचे. नळ आणि त्याखाली तीन थेंब. तुंबलेलं बेसिन आणि बाजूला रडवेला चेहरा. खाली मजल्याचा आकडा. हॉलच्या दारावर बाईंनी आपल्या सुरेख अक्षरात पाटी लावली होती, 'शास्त्रवर्ग, दर गुरुवारी चार वाजता'. चिठ्ठ्या त्याच पाटीवर चिकटवल्या जायच्या, कारण दाराला तेवढाच सपाट भाग होता. बुधवारपर्यंत पाटीतला 'शास्त्र' झाकला जायचा आणि नुसताच 'वर्ग' दिसायचा.

वर्गाला पहिल्या आठवड्यात पाचजण आले. मग दोघी. मग एकट्या काठीवाल्या आजी उरल्या. त्या समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. ऐंशीच्या पुढच्या, एका पायाने अधू. बाई बारा खुर्च्या मांडायच्या आणि एका खुर्चीला शिकवायच्या. एका गुरुवारी आजींनी मध्येच हात वर केला. तीन महिन्यांत पहिला प्रश्न! बाईंनी हातातलं पुस्तक मिटून ठेवलं.

"बोला ना, आजी," त्या म्हणाल्या. अर्थात त्यांच्या भाषेत ते 'हे वयोवृद्ध माते, आपले मुख उघड' असं झालं.

"तुमचे यजमान शनिवारी मोकळे आहेत का?" आजींनी विचारलं.

त्या संध्याकाळी मिस्त्रींच्या चहात साखर पडली नाही. त्यांनी उठून स्वतः घालून घेतली. चमचा कपात जरा जास्तच वेळ वाजला असं बाईंना वाटलं. हल्ली बाईंना मिस्त्रींच्या प्रत्येक आवाजाचा राग यायचा. ते शीळ घालायचे. बूट काढताना 'हुश्श' करायचे. जिना चढताना खाली कोणाला तरी "उद्या, उद्या!" म्हणून ओरडायचे आणि खालून हशा उठायचा. एका शब्दात त्यांनी काय विनोद केला असेल? बाई खिडकीपाशी उभ्या राहून विचार करायच्या. काचेवर श्वासाची वाफ धरायची, त्यात त्यांचाच चेहरा पुसट व्हायचा.

एकच गोष्ट त्यांनी मनाशी धरून ठेवली होती. त्या चर्चमध्ये नाताळच्या आदल्या दिवशी चार वाजता उपासना असते आणि तीत ख्रिस्तजन्माचा उतारा मंडळीतलं कोणीतरी एकजण वाचतं. कोणी वाचायचं ते मंडळी ठरवते. वर्षभर एकही शब्द न ऐकणाऱ्या त्या लोकांना तेवढी सहा-सात मिनिटं ऐकावंच लागलं असतं. नोव्हेंबरपासूनच बाई रोज सकाळी भांडी विसळताना तो उतारा म्हणायच्या. मेंढपाळांपाशी आवाज कुठे खाली आणायचा, हेही ठरलं होतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाळक वर आला. तरुण होता, थंडीने कान लाल झालेले. बाईंनी त्याला बसायला खुर्ची दिली. मिस्त्री कोपऱ्यात हीटरचा व्हॉल्व्ह उघडून बसले होते.

"यंदा जन्माचं वाचन तुमच्या घरात द्यायचं मंडळीने एकमताने ठरवलंय," पाळक म्हणाला.

बाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "पाहा, मी सिद्ध आहे," त्या म्हणाल्या.

पाळकाचे कान आणखी लाल झाले. "म्हणजे... यांनी वाचावं असं," तो कोपऱ्याकडे बघत म्हणाला. "त्यांच्या मातृभाषेत. अर्थ सगळ्यांना पाठ आहे हो. लोकांना यांचा आवाज ऐकायचाय. सहा शब्दांच्या पुढचा." आणि मग घाईने, "तुम्ही मदत कराल ना त्यांना?"

"काय म्हणतोय?" मिस्त्रींनी वळून विचारलं.

"नाताळचं वाचन तुम्ही करायचं म्हणतोय."

"मी? त्याला सांग, सातवीत दोनदा बसलेला माणूस आहे म्हणावं. तू वाच. तुला येतं."

यावर बाईंना काहीही सांगता आलं असतं. दोघांच्या मधली वाट त्यांच्या तोंडातून जात होती. पण एकतीस वर्षं मुलांना खरं बोला सांगितलेलं, ते अजून पूर्ण सुटलं नव्हतं. त्यांनी शब्दाला शब्द सांगितलं.

पाळक खूश होऊन हसला. "बघा! याचमुळे तर ते सगळ्यांना आवडतात."

मग तालीम सुरू झाली. जेवणाच्या टेबलावर कागद, बाईंनी टपोऱ्या अक्षरात लिहिलेला. मिस्त्रींचा चष्मा जुना होता. त्याची एक काडी बिजागरीपाशी तुटलेली, तिथे त्यांनी नळाच्या आट्यांना गुंडाळायची पांढरी टेप गुंडाळली होती. चष्म्याशिवाय त्यांना कागद आणि भिंत यात फरक दिसायचा नाही.

"'नावनिशी' म्हणा. 'नावनाशी' काय?"

"नावनिशी."

"आता पुढच्या ओळीत पुन्हा तेच कराल."

ते पुन्हा तेच करायचे. पहिले चार दिवस बाईंना बरं वाटलं. पाचव्या दिवशी ते अडखळले नाहीत. बोटाने ओळ धरून, पाइपची लांबी मोजावी तसा एकेक शब्द पुढे घेत ते वाचत राहिले, आणि जागा नसल्यामुळे बाळाला गव्हाणीत ठेवलं त्या वाक्यापाशी थांबून म्हणाले, "बाळंतिणीला गरम पाणी तरी मिळालं असेल का गं? तिथे काय सोय असणार."

मग कसलाही आव न आणता पुढे वाचत गेले. बाई ऐकत होत्या. नोव्हेंबरपासून त्यांनी बसवलेले चढ-उतार त्यांना एकदम शाळेच्या स्नेहसंमेलनातले वाटायला लागले.

"बरं झालं का?" मिस्त्रींनी चष्म्यावरून बघत विचारलं.

"अजून खूप बाकी आहे," बाई म्हणाल्या.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी निघताना मिस्त्रींनी ठेवणीतला कोट घातला. "याचा खिसा फाटलाय," ते म्हणाले. "चष्मा तुझ्या पर्समध्ये ठेव." बाईंनी तो पत्र्याच्या डबीत घालून ठेवला. तेव्हा मनात काही नव्हतं, हे त्यांनी नंतर स्वतःला बऱ्याचदा बजावलं.

हॉल भरलेला होता. मेणबत्त्या, ओल्या कोटांचा वास. दोन गाणी झाली. मग पाळकाने मिस्त्रींकडे हात केला आणि सगळी मंडळी वळून बघायला लागली. कोणी उगाच वळून बघत नव्हतं. ती माणसं खरोखर आनंदाने बघत होती, जणू घरातलंच कोणी उठणार आहे. मिस्त्री उठले, कागद हातात घेतला आणि बाईंपुढे तळहात पसरला.

"चष्मा."

बाईंनी पर्स उघडली. हात आत घातला. बोटांना डबीचा गार पत्रा लागला.

"नाहीये," त्या म्हणाल्या.

"अगं, तुला दिला ना?"

"मला कुठे दिलात? टेबलावर राहिला असेल."

मिस्त्रींनी फाटक्या खिशात हात घातला, तो अस्तरातून पार खाली गेला. समोरच्या बाकावर कोणीतरी प्रेमाने हसलं. ते क्षणभर कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी तो बाईंच्या हातात दिला. "तू वाच. तुला येतं."

बाई पुढे गेल्या. कागद त्यांनी घडी घालून ठेवून दिला आणि त्या लोकांच्या भाषेत, पाठ, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत उतारा म्हटला. एक काना चुकला नाही. मेंढपाळांपाशी आवाज खाली आला. त्यांनी नजर उचलून बघितलं, तर सगळ्या मंडळीने माना खाली घातलेल्या होत्या. नुसती डोकी. पावाच्या दुकानासारखी. एकही चेहरा दिसला नाही.

उपासना संपल्यावर लोक मिस्त्रींभोवती जमले. कोणी पाठीवर हात ठेवला, कोणी आपल्या डोळ्यांकडे बोट दाखवून 'काय हो हे' असा चेहरा केला. पाळक बाईंना म्हणाला, "फार शुद्ध वाचलंत."

जिना चढताना मिस्त्री म्हणाले, "मला चक्क आठवतंय तुझ्या हातात दिलेला. वय झालं बघ." टेबलावर, टेबलाखाली, हीटरच्या मागे त्यांनी शोधलं. बाईही शोधू लागल्या. पर्स खुंटीला लटकत होती.

नाताळच्या सकाळी दारावर टकटक झाली. समोरचा न्हावी, हातात चष्मा. मग पाववाला, बायकोचा जुना चष्मा घेऊन. दुपारपर्यंत सगळ्या गल्लीने आपापले खण उपसले होते. सोनेरी काड्यांचे, दोरी बांधलेले, एका काचेचे. मिस्त्री एकेक लावून खिडकीबाहेर बघायचे आणि म्हणायचे, "नाही." पुढचा लावायचे. "नाही." देणारा हसायचा, मिस्त्री हसायचे. टेबलावर चष्म्यांचा ढीग झाला आणि बाईंना वाटलं, सगळी गल्ली आपल्याकडे टक लावून बघतेय.

शेवटी काठीवाल्या आजी आल्या, तीन मजले उतरून आणि एक चढून. त्यांनी आपल्या वारलेल्या नवऱ्याचा चष्मा आणला होता. जाड काळ्या फ्रेमचा. मिस्त्रींनी लावला, डोळे बारीक केले. "ठीक," ते म्हणाले. तो काही ठीक नव्हता. पण आजींच्या चेहऱ्याकडे बघून दुसरा कुठला शब्द निघाला नसता. दुसऱ्याच दिवशी ते तोच चष्मा घालून आजींच्या सिंकखालचा नळ बदलून आले.

त्यानंतर चार दिवसांनी, सकाळी, मायदेशातल्या त्यांच्या मुलीचा मेसेज आला. मिस्त्रींनी फोन लांब धरला, जवळ धरला, काळी फ्रेम नाकावर वरखाली केली आणि बाईंकडे दिला.

"'बाबांचं वाचन कसं झालं?' विचारतेय," बाईंनी वाचलं.

"लिही तिला, आईने वाचलं म्हणावं. छान वाचलं." ते चहाचा घोट घेत म्हणाले. "लिही, बाबा चष्मा विसरला. आता काही लक्षात राहत नाही त्याच्या."

बाईंनी फोन ठेवला. खुंटीपाशी गेल्या, पर्समधून डबी काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली.

मिस्त्रींनी डबी उघडली. काडीवरच्या टेपवरून अंगठा फिरवला. काळा चष्मा काढून आपला घातला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा स्वच्छ दिसलेल्या बायकोकडे बराच वेळ बघितलं.

"तेव्हा होता पर्समध्ये?"

"हो."

"हात लागला होता तुझा?"

"हो."

बाई वाट बघत होत्या. इतक्या वर्षांत न ऐकलेलं काहीतरी आज ऐकावं लागेल असं त्यांनी धरलं होतं. मिस्त्री ताडकन उठले.

"म्हणजे त्या आजींचा नळ मी आंधळ्यासारखा बसवलाय! आटे बसलेत की नाही देव जाणे. घे ती पिशवी."

त्यांनी झपाझप रस्ता ओलांडला. समोरच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्यावर, दम घ्यायला थांबले तेव्हा भिंतीकडे बघत म्हणाले, "मला वाचायचं होतं गं."

बाईंच्या हातात हत्यारांची पिशवी होती. ती त्यांनी या हातातून त्या हातात घेतली.

आजींच्या सिंकखाली एक वाडगं ठेवलेलं होतं, काठोकाठ भरलेलं. मिस्त्रींनी कपाळाला हात लावला आणि सरळ आत डोकं घातलं.

"हे माते, आम्हांला का कळविले नाहीस?" बाईंनी विचारलं.

"काय कळवायचं?" आजी म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याने बसवलेला नळही असाच गळायचा. मला वाटलं, चष्म्याचाच गुण."

बाईंना हसू आलं नाही. त्या आजींच्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. नळाला, वॉशरला, पान्याला त्यांच्याकडे त्या भाषेत शब्द नव्हते. ते त्या पुस्तकात कुठेच आले नव्हते. पण आता जे सांगायचं होतं त्याचे सगळे शब्द होते, पानंच्या पानं भरून होते. लोभ, कपट, दुसऱ्याच्या वाट्याला आलेल्याकडे लागलेला डोळा, स्वतःच्या माणसाशी बोललेलं खोटं. पहिल्यांदाच त्यांना शब्द शोधावा लागला नाही. त्या बोलत गेल्या. चिठ्ठ्यांखाली झाकलेली पाटी सांगितली. डबीचा गार पत्रा सांगितला.

आजींनी मान खाली घातली नाही. त्या काठीवर हनुवटी टेकवून बाईंच्या तोंडाकडे बघत होत्या.

"माझा नवरा चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा," बाई थांबल्यावर त्या म्हणाल्या. "जुना ऑर्गन, त्याला मागून हवा भरावी लागते. पडद्याआड बसून मी भाता ओढायचे. बावीस वर्षं. लोक म्हणायचे, काय हात आहे याचा! एका नाताळात, ऐन गाण्याच्या मध्ये, मी भाता सोडून दिला."

"मग?"

"मग काय, ऑर्गन रेड्यासारखा ओरडला आणि गप्प झाला. लोक हळहळले. बिचाऱ्याचं वाद्य जुनं झालं म्हणून सगळ्यांनी मिळून त्याला नवं घेऊन दिलं. विजेवरचं." आजींनी काठी जमिनीवर आपटली. "भात्याची गरजच संपली. मी जन्मभर समोरच्या बाकावर बसून त्याचं ऐकलं."

बाईंच्या नाकातून विचित्र आवाज आला. आजींच्याही आला. मग दोघी हसत सुटल्या, डोळ्यांना पाणी येईपर्यंत, एकमेकींचे हात धरून.

"त्याला कळलं का कधी?" बाईंनी विचारलं, आणि त्या प्रश्नात एकही जुना शब्द नव्हता.

"हळू बोल," आजी म्हणाल्या. "तुझा ऐकतोय."

सिंकखालून मिस्त्रींचं डोकं बाहेर आलं. टेपवाला चष्मा नाकावर घसरलेला, कपाळाला काळं लागलेलं. त्यांनी एकदा हिच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे.

"काय झालं? काय सांगितलं त्यांनी?"

"काही नाही."

"एवढं हसताय आणि काही नाही? माझ्यावर हसताय का? मला सांग की, काय म्हणाल्या त्या."

"अहो, तुम्ही पाना धरा नीट," बाई म्हणाल्या आणि खुर्ची आजींच्या आणखी जवळ ओढली.

मिस्त्रींनी उकिडवं बसूनच हात वर करून नळ सोडला. मग त्यांनी त्यांच्या सहा शब्दांतला एक शब्द, जरा मोठ्यानेच, आजींना म्हणून बघितला. "चालू!"

आजींनी त्यांच्याकडे न बघताच हात हलवला.

"उद्या," त्या म्हणाल्या, आणि बाईंना पुढचं सांगायला लागल्या.